दोन क्रेडिट

दोन क्रेडिट कमी पडत होते
म्हणून घेतला हा विषय, खोटं कशाला बोलू.
मी सांख्यिकीची.

गजभिये मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या,
पडा.
काहून पडायचं, मॅडम? रोशनीनं विचारलं.
पडणार तर आहातच, त्या म्हणाल्या,
नीट पडा.

एप्रिल, सकाळचे साडेसहा.
गाद्यांना कूलरच्या जुन्या ताट्यांचा वास.
हनुवटी छातीशी, आधी खांदा,
मग पाठ, मग उरलेली मी.
एकोणीस वर्षं हे अंग
ओढणीसारखं सावरत आणलेलं.
त्याला वजन आहे
हे जमिनीनं सांगितलं,
धप्पकन,
सगळ्यांसमोर.

काल मानेवाडा चौकात
वाळूवरून स्कूटी घसरली.
खांदा पुढे झाला, मला न विचारता.
लोक धावले. बाटली आली, रुमाल आला,
कोणी डावा पाय हलवून पाहा म्हणालं.
पानठेल्यावरचा एक जण मागून ओरडला,
पोट्टी तं हसून राहिली बे!

घरी बाबांनी आधी
स्कूटीभोवती एक फेरी मारली.
मी बाही कोपराखाली ओढली
आणि प्रमाण विचलनाचं गणित
आहे तिथून पुढे सुरू केलं.