कडेचा अंगठा

गुदैबियात, शिंप्याच्या दुकानावर,
अडगळीच्या खोलीत
आमच्या मंडळाची दोन लोखंडी कपाटं.
चारशे बारा पुस्तकं.
त्यातली एकोणीस नेली ती नेलीच;
एक दम्मामहून कॅनडाला गेलं म्हणतात.

जुलैत आम्ही सगळे गावी.
माणसांच्या खोल्यांतले एसी बंद,
या खोलीतला चालू.
वार्षिक सभेत कुणीतरी विचारतंच,
हे बिल कुणाचं?
मी म्हणतो, पाहुण्यांचं.

पहिल्या वर्षी बंद करून गेलो होतो.
परत आलो तर कवितासंग्रह पावासारखे फुगलेले,
कादंबऱ्यांवर हिरवी लव,
आणि एका चरित्राची पानं अशी चिकटलेली
की नायक मुंजीतून थेट साठीत.

तेव्हापासून मोईदू.
इमारतीचा रखवालदार, वडकऱ्याचा.
शुक्रवारी नमाजानंतर पुस्तकं पंख्याखाली उभी करायचा,
पानं सुटी करून, मधे लवंगा.
डांबरगोळीने वाचणाऱ्याचं डोकं चढतं, म्हणायचा,
जसं काही यानेच वाचलंय.
मराठीचं एक अक्षर येत नाही,
पण उलटं ठेवलेलं पुस्तक लगेच ओळखायचा.
कसं रे?
तर म्हणे, तुमच्या अक्षरांना वर दोरी असते,
कपडे वाळत घातल्यासारखी.
दोरी खाली गेली
तर कपडे राहतील का?

यंदा भाडं वाढलं.
देवयानी खांबेटे म्हणाली, स्कॅन करून टाकू.
तिचा फोन, माझा टेबललॅम्प,
पानं दाबून धरायला मोईदू.
अकरा शुक्रवार लागले.
आता सगळं ग्रंथालय माझ्या जुडग्यात,
कपाटाच्या किल्लीशेजारी,
एवढंसं. वाजतसुद्धा नाही.

तक्रार नाही माझी.
जुबैलला रात्रपाळीत सोनटक्के
बॉयलरशेजारी बसून नाटकं वाचतो,
पहाटे तीनला मला अंगठा पाठवतो.
एवढ्या वर्षांत
त्याने कधी पुस्तक नेलं नव्हतं.

काल देवयानी म्हणाली, एक घोळ झालाय.
प्रत्येक पानावर बोट आलंय.

पाहिलं.
डाव्या समासात, खाली,
मोईदूचा अंगठा.
लिफ्टच्या दारात चेमटलेलं नख.
पहिल्या पुस्तकात काळा डाग नखाच्या मुळाशी,
प्रवासवर्णनांपाशी मधोमध,
शेवटच्या दिवाळी अंकात
पार टोकाकडे सरकलेला.

सोय आहे, ती म्हणाली,
एका टिचकीत सगळे पुसता येतात.
नको, म्हटलं.
का ते तिला नीट सांगता आलं नाही.
अंगठ्याखाली कधी कधी
एखादा शब्द गेलाय, हे खरंच आहे.

कपाटांचं अजून ठरलेलं नाही.
मोईदूने एक पुस्तक मागितलंय.
कुठलं देऊ?
कुठलंही, म्हणाला,
मला शुक्रवारी उघडायला हवं.

मग दारातून परत वळला:
जाड द्या.