किती, तेवढंच सांगा

थ्येनश्वेच्या पूर्वेला, वेइ नदी जिथे गढूळ, आळसावलेली वाहते,
तिथल्या अकरा गल्ल्यांत मी या शरदात
चारशे दारं ठोठावली.
पिशवीत दोन गठ्ठे, यादी अ आणि यादी ब,
एक वाटी,
आणि मूठभर अक्रोड.

पूर्वी मी सरळ विचारायची:
बातम्यांवर तुमचा विश्वास आहे का?
पूर्ण, थोडा, फारसा नाही, मुळीच नाही.
लोक आधी माझे बूट पाहायचे,
मग माझ्यामागचा जिना,
मग म्हणायचे, पूर्ण.
एक न्हावी तर वस्तरा पुसत म्हणाला,
"बाई, बरोबर उत्तर कोणतं ते तुम्हीच सांगा,
दोघांचा वेळ वाचेल."
'माहीत नाही'साठी आमच्याकडे आठ हा आकडा असतो.
त्या वर्षी तक्त्यात इतके आठ साचले
की माझ्या विद्यार्थ्याला वाटलं, कळफलक बिघडला.
अळीमिळी गुपचिळी,
अख्खा जिल्हा.

म्हणून आता अक्रोड.
यादी अ मध्ये चार वाक्यं:
गॅस महाग झाला.
मुलाच्या शिकवणीचा खर्च झेपत नाही.
वरच्या मजल्यावर रात्री पत्ते आपटतात.
दवाखान्यात रांग संपत नाही.
यादी ब मध्ये हीच चार,
आणि मधेच, तिसऱ्या जागी, सहज सांडल्यासारखं पाचवं:
आपल्या गावाबद्दल बातम्यांत सांगतात ते खरं नसतं.
कोणती पटली ते नको.
किती, तेवढंच सांगा.
पटतील तितके अक्रोड वाटीत टाका,
मी पाठ करून उभी राहते.

म्याओ शिलिन, बंद पडलेल्या बेअरिंग कारखान्यातले फिटर,
यांनी तीन टाकले,
मग एक परत उचलला, दाराच्या फटीत धरून फोडला,
आणि खाल्ला.
"लिही आता काय लिहायचं ते."
टरफल मोजावं की नाही,
याबद्दल पद्धतीच्या पुस्तकात काही नाही.

रेन छाओयुन, वय एकोणऐंशी,
सात वाजताच्या बातम्या आवाज बंद करून पाहते.
निवेदिकेच्या कपड्यांच्या रंगावरून कळतं, म्हणाली,
सगळं छान चाललंय की कोणी मोठं वारलंय.
हवामान आलं की मात्र आवाज वाढवते.
"पावसाचं खोटं सांगून त्यांना काय मिळणार?"

तिला यादी ब आली होती.
वाटीत टक टक टक टक झालं,
मी वळणार, तेवढ्यात
पुन्हा टक.

पाच म्हणजे सगळी.
सगळी म्हणजे तीही.
माझ्या पद्धतीला एवढं एकच भोक होतं
आणि म्हातारी काठी टेकत सरळ त्यातून बाहेर आली.
तिला ते कळत होतं का, मला अजून सांगता येणार नाही.
ती माझ्याकडे पाहत होती, एवढं खरं.
जिन्यात कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या.
मी वाटीतला एक अक्रोड उचलला
आणि फॉर्मवर लिहिलं, चार.

रात्री हॉटेलात बेरीज केली.
ब ची सरासरी, वजा अ ची सरासरी:
शून्य दशांश त्रेचाळीस.
शंभरातले त्रेचाळीस.
बोललं कोणीच नाही, आणि तरी हे बोलून झालेलं.
शितावरून भाताची परीक्षा, एवढंच माझं शास्त्र;
शिताला कधी विचारायचं नसतं.
दोनशे जणांत एक अक्रोड कमी झाला
तर फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात पडतो.
आम्ही दोनच घरं छापतो.
तिसऱ्या घरात छाओयुन आजी टीव्ही लावून बसलेली असते.

अक्रोड माझ्या कोटाच्या खिशात राहिला.
जिने चढताना मांडीला लागतो.

काल शोधनिबंधाबरोबरचं जाहीरपत्र भरलं.
शेवटचा रकाना:
मूळ माहितीत कोणताही फेरफार केलेला नाही.
होय. नाही.
मी त्या न्हाव्याला आठवत
बराच वेळ पेन हातात धरून बसले,
आणि मग खूण केली.
बरोबर उत्तर कोणतं,
ते मला माहीत होतं.