मंदाकि

गुप्तेबाईंच्या भाच्यानं खोकं आणून दिलं.
म्हणाला, भंगारवाला किलोवर घेत होता, मीच म्हटलं थांब.
आत फक्त ड्राइव्ह. बिस्किटी रंगाचा पत्रा,
तोंडाशी काळी कडी, मागे चपटी राखाडी वायर,
चौतीस तारा एकीला एक चिकटून.
कॉम्प्युटर कुठे गेला, त्याला ठाऊक नव्हतं.

चरईतल्या त्या खोलीत, शहाऐंशी साली,
हा टेबलाच्या उजव्या अंगाला बसायचा
आणि आम्ही सहा मुली, एक मुलगा, चपला बाहेर काढून आत.
त्याआधी कॅसेट होती. एक खेळ चढायला अकरा मिनिटं,
मध्ये शेजारी मिक्सर लागला की पुन्हा पहिल्यापासून.
हा आला तेव्हा बाई म्हणाल्या,
आता पोहे गार होणार नाहीत.

कॉम्प्युटर वाशीत एका गृहस्थांकडे मिळाला,
त्यांना माळा रिकामा हवा होता.
ड्राइव्ह उघडला तर पट्टा विरघळून डांबर झालेला.
स्पिरिटनं पुसला. नखांत ते काळं चार दिवस राहिलं.
नवा पट्टा कॅसेट प्लेअरचा. गोखले रोडमागचा दुकानदार
डबा उपडा करून म्हणाला, हवा तो घ्या,
हे मागायला आता कोणी येत नाही.

मिनिटाला तीनशे फेरे.
दोन-चार इकडेतिकडे खपतील, त्याहून नाही.
चाकावर रेघांची दोन वर्तुळं छापलेली,
बाहेरचं अमेरिकेतल्या विजेसाठी, आतलं आपल्या.
वेग जमला की ट्यूबखाली रेघा थांबलेल्या दिसतात,
चाक फिरतच असतं.

घरात एकही ट्यूब उरली नव्हती.
नेरूळ, चौथा मजला, सगळीकडे एलईडी,
त्या उजेडात रेघांचा नुसता धूर.
हा उजेड पापणी लववतच नाही,
मग मोजणार काय?

पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीबाहेर, एक सापडली.
चोकवाली, टोकांना काळवंडलेली, गुणगुणणारी.
रात्री साडेदहाला ड्राइव्ह पोटाशी धरून उतरले.
वॉचमन सोनकांबळ्यांनी मोबाइल काढून सॉकेट दिलं.
सोळाव्या पिनेला तारेचा तुकडा टेकवला,
मोटर गुरगुरली.
रेघा उजवीकडे पळत होत्या.
स्क्रू केसभर फिरवला. जरा सावकाश.
आणखी केसभर. आता उलट्या निघाल्या.
परत.
'थांबलं की,' सोनकांबळे म्हणाले. 'बंद पडलं?'
'नाही हो, जोरात फिरतंय. बोट जवळ न्या.'
त्यांनी नेलं. वारा लागला असावा.
गेटवर कुणी हॉर्न दिला, ते उघडून आले
आणि पुन्हा वाकून बघत बसले.

वर येऊन बाईंची फ्लॉपी घातली, कडी खाली केली.
खर्र, खर्र, टक.
यादी आली. त्या यंत्रात नावाला सातच अक्षरं, तीही इंग्रजी.
सुलक्ष. वैजय.
अनघा तेवढी अख्खी, ती पहिल्यापासून नशिबवान.
मंदाकि.

चौदा वर्षांची मी रुसून बसले होते, माझी शेपटी तोडली म्हणून.
बाई म्हणाल्या, त्याच्याकडे जागा नाही गं,
'नी' तू तुझ्याजवळ ठेव.

फाइल उघडली नाही.
आतलं हेड तीनदा मागे गेलं, तीनदा परत आलं,
दार वाजवून जिन्यापर्यंत जाऊन
पुन्हा वळणाऱ्या माणसासारखं.
मग पडद्यावर चुकीचा आकडा आला.
वहीत लिहून ठेवलाय.

सकाळी सोनकांबळ्यांनी विचारलं, काय निघालं आतून?
म्हटलं, माझं नाव. बहुतेक सगळं.
पुढच्या आठवड्यात तिथेही एलईडी लागणार,
सोसायटीचा ठराव झालाय.
ट्यूब फेकू नका, चोकासकट वर आणून द्या,
एवढं सांगून ठेवलंय.