उद्यमबाग, रात्रपाळी

जीप आली तेव्हा लोखंड ओतायची वेळ.
बडिगेर हवालदारांनी कन्नडात विचारलं,
मी हिंदी केलं.
नूरुल म्हणाला, मालदा, साब, मालदा.
आधारवरचा चेहरा साच्याच्या वाळूनं खरवडलेला.

"एनंत?"
मालदा म्हणूलालाय.
"मालदा, का नदीपलीकडं?"

मला काय ठाऊक. नदी म्हणे
तिथं गावंच्या गावं उचलून नेते.

माझा आजा मुंबई राज्यातनं म्हैसुरात गेला,
म्हैसुरातनं कर्नाटकात,
येळ्ळूरचा उंबरा न ओलांडता.
त्याला कुणी जीपमध्ये घातलं नाही.

पंचनाम्यावर मराठीत सही केली.
कन्नडात कर, म्हणाले.
केली.

लोखंड पळीतच गोठलं.
सकाळी घणानं फोडायला लागणार.
त्याचा डबा भट्टीच्या कडेला,
अजून गरम.