ओला रंग

स्कूटर धुतली तेव्हा
क्षणभर वाटलं, झालंच की काम.
पाण्याखाली निळा असा उजळला
जसा शोरूमच्या दारात असेल
शहाऐंशी साली,
बुकिंग करून सहा वर्षांनी नंबर लागला तेव्हा.

नायना ओट्यावरून म्हणाले,
"ओला रंग लई खोटं बोलतोय, पोरी.
वाळू दे. मग बघ."

विडी घरकुलातलं मार्चचं ऊन.
वाळायला असा कितीसा वेळ?
काठाकडून आत सरकत आला पांढुरका भुरा.
बोट फिरवलं, बोटाला खडू.
डावी बाजू तशी बरी.
उजवी पार गेलेली.

उजवी म्हणजे पश्चिम.
डायिंगच्या भिंतीला तिची एकच ठरलेली जागा,
भोंग्याच्या खांबाची काठीएवढी सावली,
तीही दोनला संपायची.
सव्वीस वर्षं
नायना आत वाफेत,
ही बाहेर उन्हात.
सुटायच्या आधी पोऱ्याला पाठवून
सीटवर ओला रुमाल टाकायचे, चटका बसू नये म्हणून.
सीटवरच.

माझं सामान: दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर,
रबिंगचा डबा, बादली,
आणि कारखान्यातले सेकंडचे टॉवेल, किलोवर मिळालेले.
शेजारची नागमणी चादरीचा तुकडा घेऊन आली.
नायनांनी तो चिमटीत धरून परत दिला.
"अंगावर घ्यायला चांगली हाय. ह्याला चरे पाडंल."

गोल गोल नाही, सरळ,
हाताच्या पंज्याएवढीच जागा एका वेळी.
टॉवेल उलटा केला तर सगळा निळा.
माझा जीव धसकला. "नायना, रंग सुटायलाय!"
त्यांनी टॉवेल मागून घेतला,
अंगठ्यानं चोळला, वास घेतला,
मोतीबिंदूच्या डोळ्यांजवळ नेला.
"सुटलेला नाय ह्यो. मेलेला हाय.
जिता खाली हाय अजून. घास."

घासलं.
खालून निळा वर येत गेला,
विहिरीला पाणी लागावं तसा,
आधी नुसता ओलसर भास,
मग त्यात गच्चीवरच्या दोरीची रेघ दिसली,
दोरीवरचा माझा परकर,
मग मी.

आणि त्याच जोरात कडेवर हात गेला.
नखाएवढा तांबडा अस्तर उघडा पडला.
चेकिंग टेबलावर असा टॉवेल आला असता
तर मी बघता बघता बी-ग्रेडची चिठ्ठी डकवली असती.

"थांबलीस का?"
"हात दुखला."
"तुझाबी ओला रंग," नायना म्हणाले.
"धारेवर गेलं ना? धारेवर पातळच बसतो तो."

मग बराच वेळ काहीच नाही.
खालच्या बोळात कुणाचा तरी कुकर तीनदा वाजला.
"माझा एक लॉट काळा पडला होता.
मरून मागितला होता, निघाला जांभळा-काळा.
दोनशे किलो सूत.
सेठनं दीड महिना पगार कापला
आणि माल धाडला कुठं तर लांब.
तुझ्या अम्मालाबी सांगितलं नाय.
कुणी परत पाठवला नाय बघ तो."

हे ते मला सांगत होते की स्कूटरला, कळलं नाही.
मी मेण लावत राहिले.

चारला म्हणाले, आता फिरव तिला,
उजवी बाजू उत्तरेला कर.
उन्हात कुठलाबी रंग हसतोय,
रंग बघायचा तर उत्तरेच्या उजेडात.
वाकले. तळवा फिरवला पुढून मागं,
कडेवर आल्यावर
एक बोट त्या नखाएवढ्या जागी ठेवलं, काढलं.
मान एकदा हलली.
ह्या मानेवर लॉट पास व्हायचे.

सोमवारी टेबलावर
एका टॉवेलच्या काठाला डाग निघाला, नखाएवढा.
मी चिठ्ठी उचलली.
मग ती तशीच बोटाला चिकटवून ठेवून
टॉवेल आधी दारात नेला,
उत्तरेच्या बाजूला.