एकास शंभर

कुपी एवढीशी, करंगळीच्या पेराएवढी.
बर्फाच्या पिशव्यांत गुरफटून अहमदाबादहून आली.
टेम्पोवाल्याने सही घेतली, विचारलं, "बेन, आमां शुं छे?"
सशाचं काहीतरी, म्हटलं मी.
खोटं नव्हतं.
कुठल्याशा देशात एका सशाला
माणसाचं एक प्रथिन दाखवलं,
त्याने ते परकं म्हणून लक्षात ठेवलं.
ती आठवण आता आमच्या फ्रीजमध्ये, मधल्या कप्प्यात.
दारात ठेवायची नाही. दार फार उघडतं.

लेबलावर प्रथिनाच्या नावाआधी 'अँटी'.
म्हणजे विरुद्ध.
चौदा वर्षं हाताळतेय,
कुणाला मारताना पाहिलं नाही.
जातं, ओळखतं, आणि चिकटून बसतं,
लग्नात दूरच्या आत्याने हात धरून ठेवावा तसं.
मग वरून रंग सोडायचा.
हात धरलाय तिथे तपकिरी,
बाकी सगळं निळं.

त्याआधी काचा कुकरमध्ये शिजवायच्या.
खरोखरचा कुकर, मंगळबाजारातला, पाच लिटरचा.
फॉर्मॅलिनने आवळलेलं वाफेवर सैल होतं.
खालच्या फरसाणवाल्याला वाटतं
रावपुऱ्यातली ही लॅब रोज डाळ लावते.
पत्रकात लिहिलंय: खोलीच्या तापमानाला एक तास.
कुणाच्या खोलीच्या?
मे महिन्यात वडोदऱ्याची खोली
त्या सशाने कधी पाहिली नसणार.

एक भाग हे, नव्व्याण्णव ते. एकास शंभर.
डॉक्टर पारीख म्हणतात, दीडशे कर, महाग आहे.
मी मान डोलावते
आणि शंभरच करते.

दर खेपेला नव्या काचांसोबत एक जुनी.
ब्लॉक आठशे सदतीस, साल दोन हजार अकरा.
हिच्यात ते प्रथिन ठासून आहे हे आधीच ठाऊक.
ही तपकिरी झाली
तरच बाकीच्यांच्या निळ्यावर विश्वास ठेवायचा.
नाही झाली, तर सगळी खेप पुन्हा.
हिला कंट्रोल म्हणतात.
हेतल म्हणते कंट्रोलमासी.
"मासी आजे सरस आव्यां,"
मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता.

मी एकदा जुनी वही काढली होती.
नावावर पाणी सांडून शाई पसरलेली.
वय सेहेचाळीस. बाजवाडा.
'रिपोर्ट कोणी नेला' या रकान्यात
मराठीत, जरा दाबून लिहिलेलं: स्वतः.

तेव्हा आमच्याकडे ही कुपी नव्हती.
ती आली दोन वर्षांनी, आणि ती चालते का बघायला
आम्ही कपाटातले जुने ब्लॉक काढले, दिसेल तो.
आठशे सदतीस पहिल्याच दिवशी
कडेकडेने भाजल्यासारखा उजळला.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
त्या प्रथिनावर औषध असतं
हे त्या दिवशी कुणी बोललं नाही.
बाजवाड्यात जाऊन विचारण्यासारखं
आमच्याकडे नावही नव्हतं.

आज मेणात नखाएवढं उरलं होतं.
चार मायक्रॉनवर यंत्र लावलं, हळू फिरवलं.
पहिला काप फाटला. दुसरा गुंडाळला गेला.
तिसरा कोमट पाण्यावर उतरला,
सुरकुतला, मग आपला आपण पसरला.
खालून काच घालून उचलला.
पेन्सिलने लिहिलं: ८३७.

"नवीन कंट्रोल शोधवा पडशे," हेतल म्हणाली.
आजच्यांतली एक चालेल बहुतेक,
पादऱ्याची, एकोणचाळीस वर्षांची,
ब्लॉक जाडजूड आहे.
ती बाहेर बाकावर बसलीय,
पिशवी मांडीवर, नवरा पार्किंग शोधायला गेलेला.
तिला अजून काहीच कळलेलं नाही.
मलाही नाही, खरं तर. एक तास आहे.

डब्यात ओला टिपकागद. काचा आडव्या.
शेवटच्या कापाला वेगळं काही द्यायचं नसतं.
तोच थेंब, तेवढाच.
झाकण लावलं.
घड्याळ साठावर ठेवलं.