भिंतीलगतचं पाणी

तळघरात, काचेच्या लांब पेटीतून
पाणी चाललंय सेकंदाला आठ सेंटिमीटर.
वर ट्रॉन्डहाइममध्ये दुपारी तीनलाच अंधार,
नदी काठाकाठानं गोठलेली.

ओडवार सुईएवढ्या भोकातून हिरवा रंग सोडतो.
रंग तळाला धरून सरपटत जातो,
साय जशी, पण खालून धरलेली.

भिंतीला टेकलेलं पाणी हलत नाही.
त्याच्या वरचं जरासं हलतं,
त्याच्या वरचं आणखी थोडं,
आणि बोटभर वर गेलं
की तिथल्या पाण्याला
भिंत आहे याची खबरच नसते.

एकोणतीस वर्षं पंपाचे वॉशर बदलतोय ओडवार.
डोक्यावरचा भोवराही गेला केसांबरोबर.
प्राध्यापक वर आले, वर गेले,
याचा डबा, याचा स्टूल, याची खिळ्याला टांगलेली बंडी
जागच्या जागी.

गुडनीनं पात्याला हिसका दिला.
भोवरा सुटला.
रुपयाएवढा. गरगरत
खाली खाली येत गेला,
तळाला शिवला मात्र नाही.
नुसता वरून गेला.

आणि तेवढ्यानंच
खालचं पाणी अडखळलं,
थांबलं,
उलटं फिरलं.
भोवऱ्याच्या मागे साय फुगली,
फुगली, आणि उतू गेली:
एक हिरवी जीभ, कागदासारखी पातळ,
सरळ वर.
टोकाशी वळली, विरुद्ध दिशेनं,
तिचाच एक भोवरा झाला,
आणि त्यानं पहिल्याला
अलगद उचलून भिंतीपासून लांब लोटलं.

"पाहिलंत?" गुडनी ओरडली. "पाहिलंत तुम्ही?
भिंतीनं नाही ढकललं त्याला,
भिंतीजवळच्या पाण्यानं!"

ओडवारनं हात पुसले.
पान्ह्यांच्या खणातून, खालून तिसऱ्या,
तेलाचे डाग पडलेली वही काढली.
पेन्सिलीनं काढलेली तीच जीभ.
पानामागून पान.
कुठे नऊ सेंटिमीटर, कुठे सहा.
बाजूला तारीख, पाण्याचं तापमान,
आणि एका पानावर फक्त:
आज दोनदा.

ती बराच वेळ पानं उलटत राहिली.
पंप घुमत होता.
"कुणाला दाखवली नाहीत ही?"

"खाली कुणी आलंच नाही,"
तो म्हणाला, आणि लगेच, घाईनं,
"पाचवर ठेव वेग. पाचला जीभ उंच जाते.
आठला नुसतीच घाई होते तिला."

मग रात्री साडेनऊपर्यंत
दोघं गुडघ्यांवर, काचेला नाक लावून.
तो बोलत होता. इतकं
की डबा उघडायचा राहिला.

पेटी रिकामी केली तेव्हा
मधलं पाणी कधीच निघून गेलं होतं.
तळाशी एक हिरवट ओल तेवढी
अजून निघायची होती.
फडकं हातात घेऊन
तो थांबला.